कांदाचाळीतली पाणबुडी

आमच्या कांदाचाळीत मी एकदा आठ दिवस पाणबुडी उभी केली होती. बायको अजूनही त्याला "तुमचा खेळ" म्हणते. म्हणू दे. खेळ असता तर मी एवढा चिडलो नसतो, आणि ज्याच्यासाठी तो मांडला त्याला फेब्रुवारीत घाम फुटला नसता.

आमचं गाव राहुरीपासून जवळ, मुळेच्या कालव्याखाली. ऊस, कांदा, थोडा गहू. अशा गावातला माणूस पाणबुडीत कसा गेला, हे मला लग्नकार्यात हमखास विचारतात. नौदलात भरती झालो, इंजिनकाम शिकलो, एके दिवशी एका साहेबांनी विचारलं, पाणबुडीत कोण येतं? पगारात भर होती. मी हात वर केला. एवढीच गोष्ट आहे. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, खिडकीतून मासे दिसतात का? खिडकी नसते हो. आत दिवे, पाइप, व्हॉल्व्ह आणि एकमेकांच्या घामाचा वास. मासा मी जो पाहिला तो जेवणाच्या ताटात.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी आमच्याकडे माणसांची लईच चणचण होती. मोठ्या जहाजावर दोन माणसं कमी असली तर बाकीचे ओढून नेतात. पाणबुडीत जागा मोजून असतात आणि प्रत्येक जागेवरचा माणूस तयारच लागतो. ज्याची तयारी झालेली नाही तो आत असला तरी मोजत नाहीत. आणि तयार माणूस आणायचा कुठून? मेडिकलला कोणाचे कान आडवे येतात, कोणाची पाठ. कोणाला बंद जागेत घुसमटतं. जो टिकतो त्याला शिकवायला वर्ष जातं, आणि शिकून हुशार झाला की बाहेर व्यापारी जहाजांवर त्याला जास्त पगार मिळतो. मग राहिलेल्यांनी तीन पाळ्यांचं काम दोन पाळ्यांत करायचं. सहा तास ड्यूटी, सहा तास मोकळे. त्या मोकळ्या सहा तासांत जेवण, दुरुस्ती, कपडे, आणि उरली तर झोप. मी तसं करत आलो होतो. माझी मुदत संपली तेव्हा वाढवून घ्या म्हणाले, मी वाढवून दिली. सही माझी होती, कोणी हात धरून करून घेतली नव्हती.

मग तात्यांच्या डोळ्यांचं निघालं. तात्या म्हणजे माझे वडील. उसाच्या बांधावरून चालता चालता कडेला पाय जायला लागला, शेजारून गेलेला माणूस दिसेना. बायकोने नगरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. कडेची नजर गेली होती, मधली तेवढी राहिली होती, नळीतून पाहावं तशी. डॉक्टर म्हणाले, गेलेली परत येत नाही, उरलेली थेंब टाकून जपायची, पण उशीर झालाय; वर्षभर धरा, कदाचित कमीच. बायकोने हे मला फोनवर सांगितलं. मी म्हणालो, "बरं." फोन ठेवला आणि अर्धा तास एक गास्केट, म्हणजे जोडातली रबरी चकती, साफ करत बसलो, जे आधीच साफ होतं.

मला घरी जायचं होतं. त्यांना दिसतंय तोवर जायचं होतं. अठरा वर्षांत मी तात्यांसमोर सलग दोन महिने कधी बसलो नव्हतो. माझा चेहरा त्यांनी सुट्टीतच पाहिलेला, तोही निघायच्या घाईतला.

डॉक्टरांचे कागद जोडून मी मुदतीआधी सोडण्याचा अर्ज केला. आमचे इंजिनीअर साहेब माणूस भला. त्यांनी अर्ज वरपर्यंत रेटला. मंजूर झाला, पण खाली एक अट होती: जागा भरल्यावर. म्हणजे माझ्या जागेवर रिलीव्हर आला, तयार झाला, त्याने माझ्याकडून काम सही करून घेतलं, की मी मोकळा. तोवर नाही.

रिलीव्हर आला तो नेमका आपल्याच जिल्ह्यातला, कोपरगावचा. नाव घेत नाही. आम्ही त्याला कोपरगावच म्हणायचो. वडील साखर कारखान्यात बॉयलरवर. स्वतः डिप्लोमा केलेला, डोकं तल्लख, इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा. त्याला पाहून माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, हा तीन महिन्यांत तयार होतो, मेच्या आत मी घरी.

घोडं अडलं ते अंधाराच्या परीक्षेत. आमच्यात नवीन माणसाला पाणबुडीवाल्याचा बिल्ला मिळायच्या आधी पूर्ण पाणबुडी पाठ करावी लागते, आणि शेवटी डोळ्यांवर पट्टी बांधून. परीक्षक नाव घेतो, तुमचा हात त्या व्हॉल्व्हवर पडला पाहिजे. चाचपडायचं नाही. खरंच दिवे गेले, पाणी शिरलं, तर चाचपडायला वेळ नसतो. कोपरगावला उजेडात सगळं यायचं. कागदावर आठवणीतून काढून दाखवायचा. पट्टी बांधली की बावचळायचा. एकदा नापास झाला, दुसऱ्यांदाही झाला. दुसऱ्या वेळी मी त्याला इतकं बोललो की स्वयंपाकी बाहेर येऊन पाहून गेला.

"चीफ, डोक्यात समदं हाय," तो म्हणाला. चीफ हा माझा हुद्दा. "हात ऐकत न्हाई."

"मग हाताला शिकव. डोक्याला कोण विचारतंय?"

तेवढ्यात आमची पाणबुडी दुरुस्तीला गोदीत लागली. आतलं सगळं उघडलं, वर्कशॉपची माणसं, शिड्या, वायरी. सराव करायला जागाच राहिली नाही. आम्हाला पाळीपाळीने सुट्ट्या मिळाल्या. मी कोपरगावला म्हणालो, तू तुझ्या घरी चार दिवस राहा आणि मग सरळ माझ्याकडे ये. राहुरीला उतर, मी न्यायला येतो.

आमची कांदाचाळ तेव्हा रिकामी होती. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: जमिनीपासून थोडी उचललेली, लांबच लांब, वर पत्रे, आणि मधल्या बोळीच्या दोन्ही बाजूंना पट्ट्यापट्ट्यांचे कप्पे, म्हणजे कांद्याला वारा लागतो. बोळ एवढी अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने आडवं व्हावं लागतं. पहिल्यांदा ती बांधून झाली तेव्हाच मी तात्यांना म्हणालो होतो, ही तर आमच्या पाणबुडीची मागची बाजू आहे.

मी मापं आठवून खडूने खुणा केल्या. खरी मापं, खरी नावं इथे सांगणार नाही आणि तेव्हाही चाळीत कुठे लिहिली नव्हती. कागद एकही नव्हता, सगळं हाताने. व्हॉल्व्ह म्हणून जे मिळेल ते बांधलं. जुन्या सायकलीच्या चकत्या, ठिबकचे कॉक, फवारणीच्या पंपाचं झाकण, गॅसच्या जुन्या शेगडीची बटणं. बायकोच्या कुकरची शिट्टी नेली तेव्हा मात्र आरडाओरडा झाला.

"अहो, माझ्या डाळीचं काय?"

"आठ दिवस पातेल्यात शिजव."

"आठ दिवस तुमीच शिजवा मग."

शिट्टी परत द्यावी लागली.

सगळ्यात महत्त्वाचा होता तो आणीबाणीचा हवेचा व्हॉल्व्ह; पाणी शिरलं तर तोच फिरवून पाणबुडी वर आणायची. तो कुठे येतो ते मी मोजलं, आणि नेमका तिथे चाळीचा लोखंडी खांब. खांबाला तिरपी पट्टी वेल्ड केलेली. तिथे चाक बांधलं तर फिरेना. मी जरा वेळ पाहिलं आणि चाक खांबाच्या पुढे बांधलं, वीतभर.

तात्या बाजेवर बसून पाहत होते, मान वळवून वळवून, कारण समोरचं तेवढंच दिसायचं. म्हणाले, "खूण हितं केली, बांधलं तितं?"

"खांब मधे येतोय, तात्या."

"मग समदंच वीतभर सरकव की."

"सगळं सोडून परत बांधायचं? दुपार झाली. एका वितीनं काय होतंय? तिथं गेल्यावर मी सांगेन त्याला."

आणि मी, जो माणूस पाइपावरची पकड बोटभर चुकली तर पोरांना शिव्या घालायचो, जेवायला गेलो.

दुसऱ्या दिवशी कोपरगाव आला. येताना आईने दिलेले लाडू आणि गवती चहाची जुडी घेऊन आला. वहिनी वहिनी करत बायकोला असं खूश करून टाकलं की कुकरच्या शिट्टीचं भांडण मिटलं. तात्यांच्या तो पाया पडला आणि त्यांच्यापाशी बसला. तात्यांना त्याचा आवाज आवडला. मला म्हणाले, "ह्यो तुज्यागत वरडत न्हाई."

सकाळी सहाला सुरू. डोळ्यांवर बायकोच्या जुन्या साडीचा पदर बांधायचा, मी बोळीच्या तोंडाशी उभा. नाव घ्यायचं, तो चालत जाणार, हात टाकणार. चुकला की परत सुरुवातीपासून. पहिले दोन दिवस त्याने चाळीच्या पट्ट्यांवर कपाळ आपटून घेतलं. गावातली माणसं यायला लागली. दुधाला जाणारे थांबायचे. एकाने विचारलं, याला काय बाहेरची बाधा झालीय का? मी म्हणालो, व्हय, नोकरीची. शाळेची पोरं कुंपणावर बसून "डावीकडं, डावीकडं" ओरडायची. त्यांना मी ढेकूळ फेकून हाकललं.

चौथ्या दिवशी काहीतरी झालं. मी नाव घेतलं आणि तो चालायला लागला, तोंडाने काही न पुटपुटता. हात उचलला, ठेवला. बरोबर. पुढचं नाव. बरोबर. मी नावं उलटसुलट घ्यायला लागलो, अर्ध्यातून परत फिरवायला लागलो, मधेच पत्र्यावर काठी बडवायला लागलो. हात बरोबर जात होता. हवेच्या व्हॉल्व्हवर तर तो असा पडायचा की चाक खणकन वाजायचं. मला इतका आनंद झाला की मी त्याला शाबासकी दिली. माझ्याकडून ती फार कोणाला मिळालेली नाही.

आमच्याकडे माणसांची टंचाई होती तशी बायकोकडेही होती. कांदा काढणीला आला होता आणि मजूर मिळेनात. जी टोळी दरवर्षी यायची ती दुसरीकडे ठरली. शेवटी कुठल्या तरी टोळीने आठवड्यात येतो म्हटलं, आणि बायकोने मला मुदत दिली: सोमवारपर्यंत चाळ मोकळी. रविवारी संध्याकाळी मी आणि कोपरगावने पाणबुडी सोडली. चाकं पोत्यात भरली. त्याने सगळ्यांचा निरोप घेतला. तात्यांना म्हणाला, "आबा, आता मी पास हुतो आन् तुमच्या पोराला घरी धाडतो."

तात्यांनी त्याचा चेहरा दोन्ही हातांनी समोर आणला, नळीत बसेल असा, आणि नीट पाहिला. "लवकर धाड," म्हणाले. "मला दिसतंय तवर."

ते वाक्य आजवर ते माझ्याशी बोलले नव्हते. परक्या पोराशी बोलले. मला वाईटही वाटलं आणि त्याचा हेवाही.

आम्ही परतलो तर पाणबुडी अजून उघडीच. मी खांबाचं आणि वितीचं सांगणार होतो. पण दाखवायला जागेवर तो व्हॉल्व्हच नव्हता, तो वर्कशॉपमध्ये गेलेला. म्हटलं, बसवला की हात धरून दाखवू. पुढे कामाचा असा रगाडा सुरू झाला की दोन माणसांचं काम मी एकटा करत होतो आणि तो तिसऱ्याचं. ती वीत माझ्या डोक्यातून गेली. विसरलो. त्याला दुसरा शब्द नाही.

मशिनरी बसली आणि दुसऱ्याच दिवशी परीक्षा लावली, कारण तीन दिवसांनी निघायचं होतं. साहेब, मी आणि कोपरगाव. साहेब दाराच्या अलीकडे उभे, नावं तेच घेणार. आत त्याच्यासोबत मी, हातात लहानसा लाल दिवा, त्याचा हात कुठे पडतो ते पाहायला. दिवे बंद केले. पट्टी बांधली.

काय सुंदर गेला तो! कांदाचाळीत जसा चालायचा तसा. डोकं वाकवायचं तिथे वाकवलं, पाय उचलायचा तिथे उचलला. नाव घेतलं की हात पडत होता. मी मनातल्या मनात घरी पोहोचलो होतो. राहुरीला उतरलो होतो.

मग साहेबांनी हवेच्या व्हॉल्व्हचं नाव घेतलं.

कोपरगाव वळला, दोन पावलं टाकली आणि ठाम हात ठेवला. वीतभर पुढे. तिथे दुसरं चाक होतं, त्याच मापाचं, दुसऱ्याच कामाचं. त्याच्या हातात चाक आलं, त्यामुळे त्याला शंकाही आली नाही. वाट पाहत उभा राहिला, तोंडावर हसू. मला चाळीतला खांब दिसला. तिरप्या पट्टीसकट दिसला.

"मिळाला ना?" साहेबांनी बाहेरून विचारलं.

साहेबांना "हो" हवं होतं. हो म्हटलं तर त्यांची जागा भरत होती, आणि माझा अर्ज त्यांच्या टेबलावर सहीला तयार होता. कोपरगावला बिल्ला मिळत होता. मला तात्या मिळत होते. आणि चूक त्याची नव्हतीच. ती माझी होती, आणि पाच मिनिटं हात धरून दाखवलं असतं तर सुधारलीही असती. हे सगळं मला तिथे उभ्या उभ्या कळलं. हेही कळलं की त्याचा हात आत्ता जिथे आहे तिथे तो खात्रीने आहे. शंका असलेला माणूस पुन्हा चाचपून बघतो. खात्री असलेला चाक फिरवून मोकळा होतो, आणि त्या अंधारात त्याच्याबरोबर बाकीची सगळी माणसं असतात.

"नाही, सर," मी म्हणालो.

मग साहेब म्हणाले, "चीफ, नीट बघून सांगा."

"बघितलं. चुकला."

दिवे लागले. कोपरगावने पट्टी काढली, आपल्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी त्याला धक्क्यावर नेलं आणि सांगितलं. चाळीतला खांब, खडूची खूण, वीत, आणि मी सांगायचं विसरलो तेही. साहेबांनाही जाऊन सांगितलं. मला वाटलं कोपरगाव भडकेल. भडकायला हवा होता. तो खाली बसला आणि म्हणाला, "चीफ, मग हो म्हणायचं ना. मी राती जाऊन हात बसवून घेतला असता. आबांचं काय आता?"

"ते माझं मी बघतो," मी त्याच्यावर ओरडलो. विनाकारण ओरडलो.

नियम असा की नापास झालेल्याला समुद्रावर सराव करून मगच पुन्हा बसता येतं. तो शिकाऊ म्हणून चढला, मी माझ्या जागेवर चढलो. हात एकदा पक्का बसला की मोडायला वेळ लागतो. पण तो जिद्दीचा. तीन आठवड्यांत त्याने ती वीत हातातून काढली आणि पास झाला. साहेब म्हणाले, पुढच्या बंदरात तुम्हाला उतरवतो. मी पिशवी भरली.

बंदर यायच्या चार दिवस आधी दुसऱ्या पाळीचा चीफ आजारी पडला. अपेंडिक्स. बंदरात त्याला उतरवलं, आणि त्याच्या जागी जो नुकताच पास झाला होता त्याला बसवलं. म्हणजे कोपरगावला. माझी जागा पुन्हा रिकामीच, म्हणजे मी पुन्हा तिथेच. साहेबांना सांगताना लाज वाटत होती. मीच म्हणालो, असू द्या सर, पिशवी काय, परत रिकामी करता येते. आत जाऊन मात्र मी ती पिशवी लाथेने बंकखाली ढकलली. त्या दिवशी मी हो म्हटलं असतं तर चीफ आजारी पडायच्या आधी मी राहुरीत असतो. हा हिशोब मी नंतर खूप वेळा मांडला. दरवेळी उत्तर तेच येतं आणि दरवेळी राग येतो, कोणावर ते नक्की सांगता येत नाही.

एका बंदरातून दुसऱ्या बंदरात, असं दिवाळी उलटून गेली. फोन मिळाला की तात्या म्हणायचे, "दिसतंय की चांगलं. कालच पेपर वाचला." मला बरं वाटायचं. एकदा मी विचारलं, पेपरात काय होतं? म्हणाले, "हेच आपलं, नेहमीचं." तेव्हा मला कळायला हवं होतं. बायकोने शेवटी सांगितलं, दसऱ्यापासून दिवाही दिसत नाही, तुम्हाला सांगू नको म्हणून मला शपथ घातलीय.

शेवटी माझी जागा भरली; सुटून आलो तेव्हा थंडी पडली होती. तात्या ओट्यावर बसलेले. माझ्या चपलांचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली आणि माझ्या जरा बाजूला, जिथे कोणी नव्हतं, तिथे पाहून हसले. "आला का?" मी पाया पडलो. वर्षभर ज्या उजेडासाठी घाई केली तो सापडला नव्हता. मला रडू आलं. त्यांना ते ऐकू जाऊ नये म्हणून मी उगाच खोकलो.

"त्या कोपरगावच्या पोराचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

"पास झाला. आता चांगला तयार झालाय."

"अंधारात घावतंय समदं?"

"घावतं."

"मग मला बी शिकव."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही लागलो. खाट, तिथून कोनाडा, मग मीटरची पेटी, मग चौकट. खाटेपासून न्हाणीपर्यंत वेगळं. या वेळी मी सगळं दोरीने मोजलं. घरातली एक खुर्ची, एक बादली कोणी जागची हलवली की मी बायकोला, मुलीला, सगळ्यांना फैलावर घ्यायचो. तात्या कुठे अडखळले की त्यांच्यावरही आवाज चढायचा. एकदा ते थांबले आणि म्हणाले, "वरडू नको. मी तुजा खलाशी न्हाई, बाप हाय." मग दोघंही हसलो.

दरम्यान नगरजवळ नागापूरला एका कारखान्यात मशिनरीच्या देखभालीचं काम लागलं. तिथेही माणसं कमीच, लगेच या म्हणाले. पहिल्या दिवशी सकाळी मी कपडे करून, चहाचा कप घेऊन चौकटीत उभा होतो, कंपनीच्या गाडीची वाट पाहत. तात्या उठले आणि स्वतःहून निघाले. हात भिंतीवर. "खाट," म्हणाले. "कोनाडा." हात बरोबर पडला. "पेटी." बरोबर. मग चौकटीसाठी हात पुढे केला, आणि तो माझ्या छातीवर पडला.

ते दचकले. "ह्ये काय?"

"मी हाय, तात्या."

त्यांनी हात वर नेला. खांदा, कान, हनुवटी. सावकाश, सगळीकडून. मी चहाचा कप बाजूला धरून उभा राहिलो.

"बरं," ते म्हणाले. "चौकटीच्या अलीकडं तू. ध्यानात ठिवतो."

आणि वळून, भिंतीला हात लावत, पुन्हा पहिल्यापासून करायला खाटेकडे गेले. बाहेर गाडीने हॉर्न दिला. दुसऱ्यांदा दिला. तात्यांनी खाटेवर हात ठेवला, नाव घेतलं आणि निघाले. मी जागचा हललो नाही.